मोटारीच्या पाठीवरील अक्षरे



मोटारगाडीविषयी बोलावयाचे म्हटले की सामान्यतः इंजिनाविषयी, वेगाविषयी किंवा पेट्रोलच्या भावाविषयी बोलले जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. गाडीच्या डिकीच्या झाकणावर तिचे नाव सांगणारी जी धातूची किंवा प्लॅस्टिकची अक्षरे असतात, ती तुटल्यावर, काळवंडल्यावर वा गळून पडल्यावर पुन्हा कशी बसवावीत आणि ती सरळ ओळीत कशी आणावीत, एवढाच हा प्रश्न आहे. सुट्या भागांच्या बाजारात अशा अक्षरांना आणि चिन्हांना सरसकट 'मोनोग्राम' म्हणतात.

गाडी चालण्याशी या अक्षरांचा काही संबंध नाही. ती नसली तरी गाडी तितकीच धावते. तथापि चुकीच्या जागी पाडलेले एक भोक काही पावसाळ्यांत झाकणाचा पत्रा आतून कुजवू शकते. आणि जी गाडी आता कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही, तिच्या बाबतीत उपटून फेकलेले मूळ अक्षर बहुधा परत मिळत नाही. काम लहान आहे, पण त्यातील चूक लहान राहत नाही, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे योग्य ठरते.

प्रथम या नावांकडे पाहू. हुगळीकाठच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून जी मोटार तयार होऊ लागली, तिला 'अँबॅसेडर' हे नाव मिळाले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले तिचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट १९७० नंतरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने 'हेराल्ड'नंतर १९७२ साली 'गॅझेल' आणली. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून मारुती ८०० बाहेर पडली आणि भारतीय रस्त्याचे रूप बदलले. या काळात कित्येक कुटुंबांतील मुलांनी रोमन लिपीतील पहिले मोठे शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर वाचले असतील, तर ते रस्त्यात पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या पाठीवरच.

नावाला स्वतंत्र किंमत असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. उत्तरपाड्याचा कारखाना थांबल्यानंतर, फेब्रुवारी २०१७ मध्ये, 'अँबॅसेडर' हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतल्याचे जाहीर झाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून निवृत्त झाली. ज्या गाड्या आता उरल्या आहेत, त्या हौशी मंडळींनी जपलेल्या आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन या वर्गात येते. नियमांचा मुख्य रोख चासी, सांगाडा आणि इंजिन यांच्याकडे आहे. परंतु 'मूळ स्वरूप' ही कल्पना एकदा मान्य केली की डिकीवरील अक्षरांकडेही तिच्याच दृष्टीने पाहावे लागते.

ही अक्षरे पत्र्यावर दोन प्रकारे बसविलेली असतात. जुनी पद्धत खुंट्यांची. जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात दाबून अक्षर ओतत आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे बारीक खुंट्या काढत. या खुंट्या झाकणाच्या भोकांतून आत जात आणि आतल्या बाजूने त्यांच्यावर पोलादी पत्र्याची छोटी स्प्रिंग-क्लिप दाबून बसवीत. पुष्कळदा सबंध नाव वळणदार हस्ताक्षरासारखे एकाच तुकड्यात असे. तेव्हा अक्षरे ओळीत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, केवळ सबंध नाव तिरके न होण्याची काळजी घ्यावी लागे. नवी पद्धत चिकटपट्टीची. तीत अक्षर प्लॅस्टिकचे असते, त्यावर तांबे, निकेल आणि क्रोम यांचे थर चढविलेले असतात आणि पाठीमागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी फेसाळ अॅक्रिलिक पट्टी असते. भोक पाडावे लागत नाही, म्हणून पत्रा सुरक्षित राहतो. मात्र प्रत्येक अक्षर सुटे असल्याने ते कोठे बसवावे याचा संपूर्ण भार बसविणाऱ्यावर येतो.

जुन्या धातूच्या अक्षराचा शत्रू म्हणजे ओलावा. क्रोमचा थर दिसतो झगझगीत, पण असतो अत्यंत पातळ. खरे संरक्षण त्याखालच्या तांब्याच्या आणि निकेलच्या थरांचे. या थरांत सूक्ष्म छिद्रे पडली की पाणी जस्तापर्यंत पोहोचते, जस्त फुगते आणि पृष्ठभागावर बारीक पुळ्या उठतात. अशा अक्षरावर पुन्हा मुलामा चढविता येतो, परंतु त्यापूर्वी जुने थर उतरवून अक्षर घासावे लागते. प्रत्येक घासणीत अक्षराच्या कडा थोड्या बोथट होतात आणि अंग थोडे बारीक होते. म्हणून ज्या अक्षरावर केवळ मळ आणि डाग आहेत, ते सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ कापडाने पुसून आहे तसे ठेवणे हेच पुष्कळदा शहाणपणाचे असते. क्रोमच्या मुलाम्यासाठी परंपरेने वापरले जाणारे रसायन विषारी असते, तेव्हा हे काम घरी करण्याचे नव्हे, हेही स्पष्ट केलेले बरे.

अक्षर काढताना पहिला नियम असा की ते बाहेरून उचकटू नये. पेचकस आणि पत्रा यांची गाठ पडली की रंग जातो आणि जुनी ठिसूळ खुंटीही मोडते. खुंट्यांचे अक्षर असेल तर डिकी उघडून आतून क्लिपवर गंज सैल करणारे तेल सोडावे, एक रात्र थांबावे आणि मग क्लिप हलक्या हाताने सोडवावी. चिकटविलेले अक्षर असेल तर केस वाळविण्याच्या यंत्राने ते कोमट करावे आणि मासे पकडण्याच्या गळाचा नायलॉन दोरा अक्षरामागून करवतीसारखा पुढे-मागे ओढावा. अक्षर आपोआप हातात येते. मागे राहिलेला चिकट थर अंगठ्याने चोळला असता त्याच्या वळ्या होऊन निघतो. त्यावर ब्लेड चालविण्याचा मोह टाळावा.

परंतु काढण्यापूर्वीच जे करावयाचे, ते अधिक महत्त्वाचे. जागेची नोंद प्रथम, अक्षर काढणे नंतर. झाकणाच्या दोन्ही कडांपासून पहिल्या व शेवटच्या अक्षराचे अंतर, झाकणाच्या खालच्या काठापासून अक्षरांच्या पायथ्याची उंची आणि दोन अक्षरांमधील प्रत्येक फट मोजून कागदावर लिहावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घेणे. मापे घेताना नजर चुकेल, ठसा चुकत नाही. अक्षरे आधीच गळून पडली असतील तरी निराश होण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेला रंग फिका पडतो, पण अक्षराखालचा रंग मूळचाच राहतो. तिरप्या प्रकाशात पाहिले की गेलेल्या नावाची छाया पत्र्यावर दिसते. आणि जेथे रंगही नवा झाला आहे, तेथे झाकण उघडून आतल्या बाजूने पाहावे. कारखान्याने पाडलेली भोके पुढे लांबीने बुजविली असली तरी आतून त्यांची वर्तुळे बहुधा ओळखू येतात. तीच गाडीची खरी साक्ष होय. ती न पाहता नवी भोके पाडणे म्हणजे साक्षीदाराची जबानी घेण्याआधीच निकाल देणे.

जुनी भोके कायमची बंद करावयाची असतील तर त्यांत केवळ लांबी भरून भागत नाही. मागील बाजूने ओल येते, लांबी सुटते आणि रंगाखाली गंज पसरू लागतो. भोकात पत्र्याचा छोटा तुकडा बसवून थेंबथेंब झाळ देणे हा पक्का उपाय आहे. झाळ एकदम दिली तर उष्णतेने पातळ पत्रा लहरतो आणि ती लहर नव्या रंगाखाली लपत नाही. भोके ठेवावयाची असतील तर त्यांच्या काठांना गंजरोधक रंग लावावा आणि खुंटीभोवती रबराची चकती किंवा पाणी अडविणारा लेप द्यावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अक्षरे सरळ बसवावयाची, पण सरळ कशाच्या संदर्भात? गवंडी भिंतीला पाणसळ लावतो, कारण भिंत आणि जमीन यांचे नाते कायमचे असते. मोटारीचे तसे नाही. ती उभी असलेली फरशी उतरती असेल, एका चाकात हवा कमी असेल, एका बाजूची कमान दबली असेल. पाणसळीने अचूक आडवी आलेली ओळ त्या गाडीवर वाकडी दिसते. नंबरपट्टीचाही भरवसा धरता येत नाही, कारण ती अनेकदा बदललेली असते. जुन्या, एखाद्या धडकेतून दुरुस्त झालेल्या गाडीत डिकीचे झाकण स्वतःच बिजागरीवर किंचित सरकलेले असते. म्हणून आधी झाकणाभोवतीची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे काय ते पाहावे. नसेल तर प्रथम झाकण बसवावे, मग अक्षरे. अक्षरांचा संदर्भ म्हणजे झाकणाचा स्वतःचा काठ किंवा त्यावरील दुमडीची रेषा. नाव गाडीच्या अंगाला समांतर असावे, पृथ्वीला नव्हे.

दुसरी अडचण पत्र्याच्या फुगीरपणाची. जुन्या गाड्यांच्या डिक्या दोन्ही दिशांनी गोलावलेल्या असतात. अशा पृष्ठभागावर सपाट पोलादी पट्टी टेकत नाही आणि कागदी चिकटपट्टी आपल्या मर्जीने वळण घेते. यासाठी जुन्या कारागिरांचे साधन म्हणजे ताणलेला दोरा. दोन बाजूंना समान उंचीवर खुणा करून दोघांनी दोरा ताणून धरावा आणि तिसऱ्याने आठ-दहा पावले मागे जाऊन पाहावे. फुगीर पत्र्यावरील रेषा उभ्याने पाहिली असता एक दिसते, खाली बसून पाहिली असता दुसरी. रस्त्यावर चालणारा माणूस गाडी ज्या उंचीवरून पाहतो, त्या उंचीवरून जी रेषा सरळ दिसेल तीच स्वीकारावी आणि त्या रेषेखाली कागदी चिकटपट्टीचा काठ लावून घ्यावा. हा काठ म्हणजे अक्षरांचा पाट.

येथे लिपीचा एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. त्यांची शिस्त वरून येते. रोमन अक्षरे पायथ्याच्या रेषेवर उभी राहतात. त्यांची शिस्त खालून येते. शिरोरेषेच्या सवयीने माथे जुळवीत गेल्यास रोमन नावाचा पाया डगमगतो. शिवाय गोल अक्षरांचा एक स्वभाव असा की 'ओ' किंवा 'एस' ही अक्षरे 'एम' किंवा 'डी' यांच्याइतकीच उंच केली तर ती लहान भासतात. म्हणून अक्षर घडविणारा त्यांना वर आणि खाली अगदी किंचित वाढवितो. बसविणाऱ्याने हे न जाणता 'ओ'चा तळ सक्तीने रेषेवर आणला तर ते अक्षर तरंगल्यासारखे दिसते. गोल अक्षराने रेषा केसभर ओलांडावी, हा दोष नव्हे. तो नियमच आहे.

अंतरांच्या बाबतीतही पट्टी आणि डोळा यांचे पटत नाही. 'पद्मिनी' हे नाव रोमन लिपीत सात सुट्या मोठ्या अक्षरांत लिहिले आहे असे समजू: पी, ए, डी, एम, आय, एन, आय. या सर्वांमधील फटी मोजून सारख्या ठेवल्या, तर पहिली दोन अक्षरे एकमेकांपासून दुरावलेली आणि शेवटची चार दाटीने उभी असलेली दिसतील. कारण 'पी'ची उजवी खालची बाजू मोकळी आहे आणि 'ए'ची डावी बाजू तिरपी आहे. दोहोंमध्ये एक पोकळी आपोआप तयार होते. उलट 'एम', 'आय' आणि 'एन' यांच्या उभ्या दांड्या एकमेकींना समांतर असल्याने त्यांच्यात पोकळी नसते. म्हणून 'पी' आणि 'ए' जवळ घ्यावीत आणि उभ्या दांड्यांना थोडे अधिक अंतर द्यावे. दोन अक्षरांमध्ये वाळू भरावयाची झाली तर प्रत्येक फटीत साधारण सारखीच वाळू मावावी, अशी कल्पना केली की योग्य अंतर सापडते.

नावाचा मध्य शोधतानाही हीच फसगत होते. सात अक्षरांत चौथे अक्षर मधले, म्हणून 'एम' झाकणाच्या मध्यरेषेवर बसवावे, असा विचार सहज सुचतो. उदाहरणादाखल अक्षरांच्या रुंदी अनुक्रमे २२, २८, २५, ३४, ७, २६ आणि ७ मिलिमीटर धरू आणि सोयीसाठी प्रत्येक फट ६ मिलिमीटरची धरू. सबंध नावाची लांबी १८५ मिलिमीटर होते. तिचा मध्य ९२.५ मिलिमीटरवर येतो. परंतु 'एम'चा मध्य डावीकडून ११० मिलिमीटरवर आहे. याचा अर्थ 'एम' मध्यरेषेच्या १७.५ मिलिमीटर उजवीकडे बसले तरच नाव मध्यावर येईल. कारागिरांच्या भाषेत बोलावयाचे तर हा फरक साडेपाच सुतांचा झाला, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्रीची अनुभवी नजर अर्ध्या सुताची चूकही टिपते. साडेपाच सुतांची चूक तर रस्त्यावरचे पोरही दाखवून देईल.

यास्तव अक्षरे थेट पत्र्यावर लावू नयेत. जाड कागदावर पायथ्याची रेषा आखावी, तीवर अक्षरे मांडावीत, अंतरे डोळ्यांनी जुळवावीत आणि प्रत्येक अक्षराभोवती रेघ ओढून ते आकार कापून काढावेत. हा झाला साचा. त्याची दोन टोके एकमेकांवर आणून घडी घातली की नावाचा मध्य मिळतो. तो झाकणाच्या मध्यरेषेशी जुळवून साचा चिकटपट्टीने टांगावा आणि काही वेळ तसाच राहू द्यावा. सकाळच्या उजेडात एकदा आणि संध्याकाळच्या उजेडात एकदा पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

चिकटविण्याच्या क्रियेस वेळ थोडा लागतो, तयारीस अधिक. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात घेऊन जागा पुसावी आणि कोरडी होऊ द्यावी. त्यानंतर तेथे बोटही लावू नये, कारण त्वचेचा तेलकटपणा चिकटपट्टीस मारक ठरतो. अशा पट्ट्यांसाठी २१ ते ३८ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानले जाते. दिल्लीची जानेवारीतील सकाळ त्याहून थंड असते आणि नागपुरात मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. तेव्हा उत्तरेत हिवाळ्यात दुपार निवडावी, दख्खनच्या उन्हाळ्यात सकाळची सावली. पावसाळी हवेत पत्र्यावर न दिसणारे दव साचते. पट्टी लावण्यापूर्वी ती जागा कोमट करून घ्यावी. गाडी नुकतीच रंगविली असेल तर रंगातील द्रावण पूर्णपणे उडून जाईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, थांबावे.

साच्यातील रिकाम्या जागेत अक्षर ठेवून प्रथम त्याचा पायथा टेकवावा आणि मग माथा. या पट्टीची पकड दाबावर अवलंबून असते. दर चौरस इंचास सुमारे १५ पौंड दाब सुचविला जातो. म्हणजेच अक्षराच्या सर्व भागांवर अंगठ्याने क्रमाक्रमाने जोर द्यावा, केवळ मध्ये थोपटू नये. साध्या तापमानास वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत सुमारे नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण पकड येते. म्हणून तीन दिवस गाडी धुऊ नये आणि अक्षर घट्ट बसले की नाही हे नखाने उचलून पाहू नये. कागदी साचा काढताना तो पत्र्याला समांतर, हळूहळू ओढावा.

अखेरीस एक मुद्दा राहतो, तो अक्षरे कोणती लावावीत याचा. साध्या गाडीवर अधिक शक्तिशाली किंवा अधिक महागड्या गाडीची अक्षरे लावण्याची हौस जगभर आढळते. गाडीची कायदेशीर ओळख चासीच्या आणि इंजिनाच्या क्रमांकाने ठरते, अक्षरांनी नव्हे. त्यामुळे ही हौस निरुपद्रवी वाटते. परंतु गाडी विकली जाते, हातोहात फिरते आणि तिसऱ्या मालकाला ती अक्षरेच खरी वाटू लागतात. मग तो त्यांनाच अनुसरून सुटे भाग शोधतो, किंमत देतो आणि पुढे आपल्याजवळची माहिती दुसऱ्याला सांगतो. अशा रीतीने डिकीवरील एक खोटा शब्द हळूहळू त्या गाडीचा खोटा इतिहास बनतो. दिल्लीच्या काश्मिरी गेटला, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा चेन्नईच्या पुदुपेट भागात जुन्या भागांच्या ढिगाऱ्यात अजून जुनी अक्षरे सापडण्याचा संभव असतो. ती मिळाली तर उत्तमच. परंतु मिळाली नाहीत तर जे नाव त्या गाडीचे नव्हते ते लावण्यापेक्षा जागा रिकामी ठेवणे अधिक प्रामाणिक होय. रिकाम्या जागेत खरे अक्षर पुढे केव्हाही बसविता येते.

सारांश असा की या कामात हत्यारे थोडी आणि पाहणे फार आहे. पट्टीने मोजावे, दोऱ्याने ताडावे, परंतु शेवटचा कौल डोळ्याचा घ्यावा. आणि डोळ्यानेही घाई करू नये. मोटार घडविणाऱ्यांनी आपल्या कामावर केलेली ही सही आहे. ती सही दुसऱ्याच्या हाताने पुन्हा करावयाची असते, तेव्हा ती मूळ जागी, मूळ वळणाने आणि मूळ नावानेच झाली पाहिजे.